विश्लेषण : १६ वर्षांच्या मुलीच्या संपाने अमेरिकेतील शाळांमधला वर्णभेद कसा हादरला? कोण होत्या बार्बरा जॉन्स?

अमेरिकेच्या संसद भवनात प्रत्येक राज्याला आपल्या दोन मान्यवरांचे पुतळे ठेवता येतात. व्हर्जिनिया राज्याच्या वाट्याच्या एका जागी जॉर्ज वॉशिंग्टन आहेत. दुसऱ्या जागी १९०९ पासून जनरल रॉबर्ट ली होते. यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या फौजांचे ते सेनानी. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचा पुतळा हलवण्यात आला आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याऐवजी एका शाळकरी मुलीचा पुतळा उभा राहिला. ही मुलगी म्हणजे बार्बरा जॉन्स. १९५१ मध्ये तिने आपल्या शाळेत घडवून आणलेला संप थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. मात्र त्या विजयाची किंमत तिच्या गावातील मुलांना पुढे अनेक वर्षे मोजावी लागली.

बार्बरा जॉन्स कोण होत्या?

बार्बरा रोझ जॉन्स यांचा जन्म ६ मार्च १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आईवडील मूळचे व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीचे. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वडील सैन्यात होते आणि आई वॉशिंग्टनमध्ये नोकरी करत होती. त्यामुळे बार्बराचे बालपण प्रामुख्याने गावी, आजीकडे गेले. पाच भावंडांत ती थोरली. तंबाखूची शेती, घरकाम, धाकट्या भावंडांचा सांभाळ आणि शाळा असा तिचा दिवस जाई. स्वभावाने ती अबोल होती.

तिचे काका व्हर्नन जॉन्स हे धर्मगुरू होते आणि विद्वान पण फटकळ म्हणून ओळखले जात. वर्णभेदाविरुद्ध ते चर्चच्या व्यासपीठावरून उघड बोलत. अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी शहरातील ज्या चर्चचे ते प्रमुख होते, तेच पद त्यांच्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे आले. काकांची पुस्तके वाचत आणि त्यांचे बोलणे ऐकत बार्बरा मोठी झाली.

शाळा वेगळ्या का होत्या?

गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, तरी दक्षिणेतील राज्यांनी रेल्वे, उपाहारगृहे, दवाखाने, शाळा अशा सगळ्या ठिकाणी कृष्णवर्णीयांना कायद्यानेच वेगळे ठेवले. १८९६ मध्ये रेल्वेच्या डब्यासंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळे पण समान हे सूत्र मान्य केले. दोन्ही वर्णांच्या लोकांना समान सोयी मिळत असतील तर त्यांना वेगळे ठेवणे घटनाबाह्य नाही, असा त्याचा अर्थ होता. व्हर्जिनियाच्या १९०२ च्या राज्यघटनेनेही श्वेतवर्णीय आणि कृष्णवर्णीय मुलांनी एका शाळेत शिकण्यास मनाई केली.

प्रत्यक्षात यातले वेगळे तेवढे पाळले गेले, समान मात्र कागदावरच राहिले. शाळांवर किती खर्च करायचा हे ठरवणारी मंडळे श्वेतवर्णीयांच्या हाती होती.

मोटन शाळेची अवस्था कशी होती?

बार्बरा फार्मव्हिल गावातील रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूलमध्ये शिकत होती. १९३९ मध्ये बांधलेली ही विटांची इमारत १८० विद्यार्थ्यांसाठी होती. १९५१ पर्यंत तिथे साडेचारशेहून अधिक मुले शिकू लागली. जागा पुरेना म्हणून काउंटीने आवारात लाकडी सांगाडे उभारून त्यावर डांबरी कागद ठोकला आणि त्या शेडमध्ये वर्ग भरवले. गावकरी त्यांना कोंबड्यांची खुराडी म्हणत.

पाऊस आला की छत गळे आणि काही मुले वर्गात छत्री उघडून बसत. हिवाळ्यात शेगडीजवळच्या मुलांना घाम फुटे आणि कडेला बसलेली मुले अंगावर कोट घेऊन कुडकुडत. शाळेत व्यायामशाळा नव्हती, प्रयोगशाळा नव्हती, जेवणाची खोली नव्हती. सभागृहातही एकाच वेळी अनेक वर्ग भरत. पुस्तके आणि बस श्वेतवर्णीयांच्या शाळेने वापरून टाकून दिलेल्या असत. त्याच गावातील श्वेतवर्णीयांच्या फार्मव्हिल हायस्कूलमध्ये मात्र या सगळ्या सोयी होत्या.

पालक अनेक वर्षे शाळा मंडळाच्या बैठकांना जाऊन नवी इमारत मागत होते. मुख्याध्यापक बॉइड जोन्स आणि स्थानिक धर्मगुरू फ्रान्सिस ग्रिफिन त्यांच्यासोबत होते. मंडळ जागा शोधत आहोत, पैसे नाहीत अशी उत्तरे देत राहिले. शेवटी तर बैठकांना येण्याची गरज नाही, असेच त्यांना सुचवण्यात आले.

संपाची कल्पना कुठून आली?

शाळेच्या अवस्थेबद्दल बार्बराने संगीत शिक्षिका इनेझ डेव्हनपोर्ट यांच्याकडे तक्रार केली. त्यावर बाईंनी, मग तूच काही तरी का करत नाहीस, असा उलट प्रश्न केला. सुरुवातीला बार्बराला हे उत्तर टाळाटाळीचे वाटले, पण ते मनातून जाईना.

पुढे एका सकाळी भावंडांना बसपर्यंत पोहोचवण्याच्या घाईत ती स्वतःचा डबा घरी विसरली. तो आणायला गेली आणि तिची बस चुकली. ती रस्त्याच्या कडेला थांबलेली असताना श्वेतवर्णीय मुलांची बस समोरून निघून गेली. त्या बसमधली निम्मी आसने रिकामी होती. त्याच क्षणी काही तरी करायचेच असा निश्चय झाला, असे त्यांनी पुढे स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेल्या आठवणींत नमूद केले आहे.

१९५० च्या शरद ऋतूत तिने निवडक विद्यार्थ्यांना गुपचूप गोळा केले. त्यात विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष कॅरी स्टोक्स आणि तिचा भाऊ जॉन स्टोक्स होते. घरच्यांना काहीही सांगायचे नाही, असे ठरले. त्यामागे कारण होते. पालकांना माहीत नसेल तर त्यांच्यावर चिथावणीचा आळ घेता येणार नाही. शिवाय मोठ्यांना कळले असते तर त्यांनी मुलांना थांबवले असते. बार्बराच्या धाकट्या बहिणीलाही संपाच्या दिवसापर्यंत या बेताची कल्पना नव्हती.

२३ एप्रिल १९५१ रोजी काय घडले?

त्या सोमवारी सकाळी मुख्याध्यापक जोन्स यांना फोन आला. शाळेची काही मुले बस स्थानकावर अडचणीत सापडली असून पोलीस त्यांना पकडतील, असा निरोप होता. निरोप खोटा होता. जोन्स तातडीने निघून गेले. संपाचा ठपका त्यांच्यावर येऊ नये म्हणून त्यांना शाळेबाहेर काढायचे, असा हा डाव होता. मग प्रत्येक वर्गात मुख्याध्यापकांच्या खोट्या सहीची चिठ्ठी गेली आणि सगळ्यांना सभागृहात बोलावण्यात आले.

पडदा सरकला तेव्हा व्यासपीठावर मुख्याध्यापकांऐवजी १६ वर्षांची बार्बरा उभी होती. तिने शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली. काहींनी विरोध केला, तेव्हा तिने पायातला बूट काढून बाकावर आपटला. त्यानंतर ती शाळेच्या हलाखीबद्दल बोलली आणि नव्या इमारतीचे ठोस आश्वासन मिळेपर्यंत कुणीही वर्गात परतायचे नाही, असे आवाहन केले. आंदोलनामुळे अटक होईल अशी भीती काहींना होती. त्यावर, साडेचारशे मुलांना कोंडण्याइतका फार्मव्हिलचा तुरुंग मोठा नाही, असा साधा हिशेब मांडण्यात आला.

साडेचारशे विद्यार्थी शाळेबाहेर पडले. त्यांच्या हातात आधीच तयार करून ठेवलेले फलक होते. रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडण्यास नकार देण्याच्या साडेचार वर्षे आधीची ही घटना आहे.

इमारतीची मागणी वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यात कशी बदलली?

संपाच्या पहिल्याच दिवशी बार्बरा आणि कॅरी स्टोक्स यांनी एनएएसीपी या संघटनेच्या रिचमंड येथील वकिलांना पत्र लिहून मदत मागितली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी देशभर न्यायालयीन लढे देणारी ही संघटना. वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवूड रॉबिन्सन दुसऱ्या एका खटल्याच्या कामासाठी प्रवासाला निघणार होते. वाटेत फार्मव्हिलला थांबून मुलांची समजूत काढायची आणि त्यांना शाळेत परत पाठवायचे, असा त्यांचा विचार होता.

२५ एप्रिलला ग्रिफिन यांच्या चर्चच्या तळघरात ते मुलांना भेटले. मुलांची शिस्त आणि निर्धार पाहून त्यांचे मन बदलले. मात्र त्यांनी एक अट घातली. चांगली इमारत द्या, एवढ्याच मागणीसाठी संघटना आता खटले लढत नव्हती. वेगवेगळ्या शाळांच्या व्यवस्थेलाच आव्हान द्यायचे, असे धोरण तिने १९५० मध्ये ठरवले होते. त्या मागणीला मुलांची आणि पालकांची तयारी असेल तरच खटला चालवू, असे वकिलांनी सांगितले.

ही उडी मोठी होती. मुले घरून निघाली होती गळके छप्पर आणि व्यायामशाळेच्या मागणीसाठी. आता त्यांच्यापुढे दक्षिणेतील सगळी समाजरचना मोडू पाहणाऱ्या लढ्याचा प्रस्ताव होता. पालकांमध्ये मतभेद होते. शेती, कर्ज, नोकरी यासाठी बहुतेकांना गावातील श्वेतवर्णीयांवर अवलंबून राहावे लागे. ३ मे रोजी चर्चमध्ये झालेल्या मोठ्या सभेत काहींनी उघड विरोध केला. बार्बराने उभे राहून त्यांना उत्तर दिले आणि ग्रिफिन मुलांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर सभेचा कौल मुलांच्या बाजूने लागला.

दोन आठवड्यांनी, ७ मे रोजी, विद्यार्थी वर्गात परतले. २३ मे रोजी ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने खटला दाखल झाला. यादीत पहिले नाव नववीतील डोरोथी डेव्हिसचे असल्याने तो डेव्हिस खटला म्हणून ओळखला जातो.

संपाची किंमत कुणी मोजली?

शाळेच्या आवारात क्रूस जाळण्यात आला. कू क्लक्स क्लॅन ही वर्णवर्चस्ववादी संघटना दहशत बसवण्यासाठी हीच खूण वापरत असे. बार्बराला धमक्या येऊ लागल्या. तिच्या जिवाची काळजी वाटून आईवडिलांनी तिला अलाबामात काकांकडे पाठवले. ज्या शाळेसाठी तिने संप केला, तिथले शेवटचे वर्ष तिला पूर्ण करता आले नाही.

मुख्याध्यापक जोन्स यांना संपाच्या तयारीत भाग नसतानाही नोकरी गमवावी लागली. शाळा मंडळाने त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही.

न्यायालयात काय झाले?

मार्च १९५२ मध्ये रिचमंड येथील तीन न्यायाधीशांच्या पीठाने काउंटीच्या बाजूने निकाल दिला. वेगळ्या शाळा ही व्हर्जिनियाची जुनी रीत असून तिच्यामुळे कोणत्याही वर्णाच्या मुलांचे नुकसान होत नाही, असे न्यायालयाने मानले. मोटनमधील सोयी अपुऱ्या असल्याचे मात्र मान्य करून त्या सुधारण्याचा आदेश दिला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे कॅन्सस, दक्षिण कॅरोलायना, डेलावेअर आणि राजधानी वॉशिंग्टनमधील अशाच खटल्यांसोबत त्याची सुनावणी झाली. कॅन्ससमधील खटल्याच्या नावावरून हा लढा ब्राऊन विरुद्ध शिक्षण मंडळ या नावाने इतिहासात नोंदला गेला. या पाच खटल्यांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिलेला खटला फार्मव्हिलचाच. एकूण फिर्यादींपैकी सुमारे तीन चतुर्थांश इथलेच होते.

१७ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी एकमताचा निकाल जाहीर केला. सरकारी शाळांमध्ये वर्णावरून मुलांना वेगळे करणे घटनाबाह्य ठरले. वेगळ्या शाळा मुळातच असमान असतात, हा त्याचा गाभा होता. मात्र वर्षभराने दिलेल्या दुसऱ्या आदेशात अंमलबजावणीची ठोस मुदत नव्हती. त्या मोकळ्या जागेचा दक्षिणेतील राज्यांनी पुरेपूर फायदा घेतला.

निकालानंतर शाळाच बंद का झाल्या?

व्हर्जिनियातील प्रभावी सिनेटर हॅरी बर्ड यांनी या निकालाविरुद्ध सर्वशक्तीनिशी प्रतिकाराची हाक दिली. प्रिन्स एडवर्ड काउंटीने त्यात सर्वांत टोकाचे पाऊल उचलले. १९५९ मध्ये, आता एकत्र शाळा सुरू कराच, असा आदेश न्यायालयाने दिला. तेव्हा काउंटीच्या मंडळाने शाळांसाठी निधीच मंजूर केला नाही. सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लागले.

श्वेतवर्णीय मुलांसाठी लगेच खासगी शाळा उभी राहिली. तिला देणग्या मिळाल्या आणि पालकांना सरकारी शुल्कसाहाय्य व करसवलतही मिळाली. सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलांसाठी मात्र काहीच नव्हते. काही गरीब श्वेतवर्णीय मुलेही घरी बसली. ज्यांचे नातेवाईक इतरत्र होते त्यांना तिकडे पाठवण्यात आले. काही मुलांची सोय क्वेकर पंथीयांच्या संस्थेने दुसऱ्या राज्यांतील कुटुंबांमध्ये केली. चर्चच्या तळघरांत तात्पुरते वर्ग चालले. उरलेली मुले शेतात राबली.

संपानंतर काउंटीने १९५३ मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी नवी मोटन शाळा बांधली होती. एकत्र शिक्षणाची मागणी मागे पडावी, हा त्यामागचा हेतू होता. मुलांनी मूळ मागितलेली व्यायामशाळा, जेवणघर आता उभे होते, पण त्यांनाही कुलूप होते.

१९६३ मध्ये केनेडी सरकारच्या पुढाकाराने आणि देणग्यांच्या आधारे वर्षभरासाठी मोफत शाळा सुरू झाल्या. चार वर्षांनी वर्गात आलेल्या काही मुलांना वाचताही येत नव्हते. मे १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रिफिन कुटुंबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात काउंटीला फटकारले आणि शाळा उघडण्यास भाग पाडले. संपाच्या वेळी पहिलीत असलेले मूल तोवर शाळा संपण्याच्या वयाचे झाले होते. श्वेतवर्णीयांच्या खासगी शाळेत तर कृष्णवर्णीय मुलांना १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रवेश नव्हता.

बार्बरा यांचे पुढचे आयुष्य कसे गेले?

मॉन्टगोमेरीत शालेय शिक्षण पूर्ण करून बार्बरा यांनी अटलांटातील स्पेलमन कॉलेजात प्रवेश घेतला. धर्मगुरू विल्यम पॉवेल यांच्याशी विवाह झाल्यावर त्या फिलाडेल्फियात स्थायिक झाल्या. पाच मुलांना वाढवताना त्यांचे शिक्षण मागे पडले होते. ते त्यांनी नेटाने पुढे नेले आणि १९७९ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ड्रेक्सेल विद्यापीठाची पदवी घेतली. शहरातील शाळांमध्ये त्या ग्रंथपाल होत्या.

संपाबद्दल त्या फारसे बोलत नसत. १९९१ मध्ये हाडांच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ५६ होते आणि देशातील बहुतेकांना त्यांचे नावही माहीत नव्हते.

दखल घेण्यास इतका उशीर का झाला?

यामागे अनेक कारणे आहेत. खटल्याला नाव मिळाले डेव्हिसचे आणि निकालाला ब्राऊनचे. इतिहासात वकील आणि न्यायाधीश ठळक झाले. संप घडला तेव्हा नागरी हक्क चळवळीकडे देशाचे लक्ष वळलेले नव्हते. पुढारी शाळकरी मुलगी होती आणि काही महिन्यांतच तिला गाव सोडावे लागले. शाळा बंद ठेवण्याचा कलंक लागलेल्या काउंटीलाही या आठवणी नको होत्या.

हळूहळू चित्र बदलले. जुनी मोटन शाळा पाडली जाऊ नये म्हणून माजी विद्यार्थ्यांनी आणि स्थानिक कृष्णवर्णीय महिलांच्या संस्थेने प्रयत्न केले. १९९८ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि २००१ मध्ये तिथे संग्रहालय सुरू झाले. शाळा बंद झाल्याने ज्यांचे शिक्षण हुकले, त्यांच्यासाठी व्हर्जिनियाने २००४ मध्ये शिष्यवृत्ती सुरू केली. तोवर ती मुले पन्नाशी-साठीत पोहोचली होती. २००८ मध्ये रिचमंडच्या विधिमंडळ परिसरातील स्मारकात बार्बरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची शिल्पे बसवण्यात आली. २०१७ मध्ये तेथील एका सरकारी इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले. फार्मव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयालाही त्यांचेच नाव आहे. २३ एप्रिल हा दिवस आता व्हर्जिनियात बार्बरा जॉन्स दिन म्हणून पाळला जातो.

संसद भवनातील पुतळ्यात त्या ग्रंथपाल किंवा पाच मुलांची आई म्हणून दिसत नाहीत. हातात जीर्ण पुस्तक उंच धरलेली, बोलण्यासाठी उभी राहिलेली किशोरवयीन मुलगी तिथे आहे.